पडद्याआडची साक्ष : वसाहतकालीन मुंबईच्या रहस्यमालिकांविषयी

रहस्यकादंबरी एका मृत्यूपासून सुरू होते आणि त्या मृत्यूचा उलगडा झाला की संपते. मालिका-कादंबरी मात्र, म्हणजे एकाच तपासकर्त्याला मध्यवर्ती ठेवून एकामागून एक लिहिलेल्या स्वतंत्र कादंबऱ्यांची माळ, दर वेळी संपूनही संपत नाही, आणि या दोन परस्परविरुद्ध गरजांच्या ओढाताणीतूनच तिचे बळ आणि तिच्या अडचणी दोन्ही उत्पन्न होतात. खुनी कोण, या प्रश्नाचे उत्तर शेवटच्या पानापर्यंत मिळाले नाही तर वाचक फसवला गेला असे म्हणतो. पण तपासकर्त्याच्या आयुष्यातील सगळे प्रश्नही त्याच पानावर सुटले, तर पुढचे पुस्तक हाती घेण्याचे त्याला कारण उरत नाही. म्हणून चांगल्या मालिकेत नेहमी दोन प्रकरणे एकाच वेळी चालतात, एक त्या पुस्तकात मिटणारे आणि दुसरे तपासकर्त्याच्या स्वतःच्या आयुष्यातले, वर्षानुवर्षे प्रलंबित राहणारे. अलीकडच्या दहाएक वर्षांत इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या आणि वसाहतकालीन किंवा नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारतात घडणाऱ्या काही रहस्यमालिका वाचताना असे दिसते की, हे दुसरे, प्रलंबित प्रकरण तेथे केवळ तपासकर्त्याचे राहत नाही. ते त्या काळाच्या कायद्याचेच प्रकरण होते.

मराठी वाचकाला मालिका हा प्रकार नवा नाही. बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि धनंजय, छोटू, झुंजार, काळापहाड ही नावे दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी राहिली. पुढे सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन आणि अमर विश्वास या नायकांच्या स्वतंत्र मालिका उभ्या केल्या. या परंपरेचे एक वैशिष्ट्य असे की, तिच्यातील काळ स्थिर असतो. धनंजय म्हातारा होत नाही, आधीच्या प्रकरणाचा व्रण पुढच्या प्रकरणात त्याच्या अंगावर दिसत नाही, आणि त्यामुळे वाचनालयातून जे पुस्तक हाती येईल तेथून वाचायला सुरुवात करता येते. ही उणीव नव्हे, ती त्या प्रकाराची सोय होती, आणि ॲगाथा ख्रिस्तीच्या पॉयरोलाही तिचा लाभ झाला होता. वाहत्या काळाची मालिका ही तुलनेने नंतरची गोष्ट आहे. स्वीडनच्या माय श्योवाल आणि पेर वालो या जोडीने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहून त्यांतून एका समाजाचा दहा वर्षांचा आलेख काढला. इयान रँकिन यांचा एडिनबरो शहरातील इन्स्पेक्टर रीबस १९८७ साली वाचकांपुढे आला आणि वीस वर्षांनी, २००७ च्या कादंबरीत, नियमाप्रमाणे साठीत निवृत्त झाला. येथे विचारात घेतलेल्या मालिका या दुसऱ्या कुळातल्या आहेत, फक्त त्यांचे पंचांग आजचे नसून शंभर वर्षांपूर्वीचे आहे, आणि त्यातील पुढच्या तिथी वाचकाला आधीच ठाऊक आहेत, पात्रांना नाहीत.

या मालिकांचा परिचय थोडक्यात असा करता येईल. आबीर मुखर्जी यांची, कलकत्त्यात १९१९ साली सुरू होणारी, कॅप्टन सॅम विंडम आणि सार्जंट सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांची मालिका 'अ रायझिंग मॅन' (२०१६) या कादंबरीने सुरू झाली. सुजाता मॅसी यांनी 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८) पासून १९२१ च्या मुंबईतील परवीन मिस्त्री या स्त्री-वकिलाला तपासाच्या मार्गाला लावले. वसीम खान यांच्या 'मिडनाइट ॲट मलबार हाउस' (२०२०) पासूनच्या मालिकेत पर्सिस वाडिया ही प्रजासत्ताकाच्या उंबरठ्यावरील भारताची पहिली स्त्री पोलीस-इन्स्पेक्टर कल्पिलेली आहे. नेव्ह मार्च यांची 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' (२०२०) ही १८९२ सालात घडते, आणि पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासक हरिणी नागेंद्र यांची, 'द बंगलोर डिटेक्टिव्हज क्लब' (२०२२) पासूनची मालिका गणिताची आवड असलेल्या कावेरी मूर्ती या तरुण गृहिणीला १९२१ च्या बंगलोरमध्ये फिरवते. या पाचांपैकी तीन मालिका मुंबईत जन्मल्या आहेत, म्हणून येथील विवेचनाचा भर मुंबईवर आहे. त्यातही मॅसी यांची मालिका विषयाच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध असल्याने तिला अधिक जागा दिली आहे.

ॲगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी १९२० साली प्रसिद्ध झाली. इंग्रजी रहस्यकथेचे ज्याला सुवर्णयुग म्हणतात, म्हणजे दोन महायुद्धांमधला तो काळ, जेव्हा संशयितांचे मर्यादित वर्तुळ, वाचकासमोर प्रामाणिकपणे मांडलेले धागेदोरे आणि शेवटी तर्काने होणारी उकल असे या खेळाचे नियम ठरत गेले, तो काळ आणि परवीन मिस्त्रीचा काळ एकच आहे. मॅसी यांनी या योगायोगाचा उपयोग फार जाणतेपणाने केला आहे. सुवर्णयुगातील कादंबरीला बंद जागा लागते, बर्फाने वेढलेला वाडा किंवा एखादे बेट, जेथून कोणी बाहेर जाऊ शकत नाही आणि जेथे बाहेरचा कोणी आत येऊ शकत नाही. मुंबईत अशी जागा निसर्गाने नव्हे, रूढीने निर्माण केली होती. मलबार हिलवरील मृत गिरणीमालक ओमर फरीद यांच्या घरातील जनाना, जेथे त्यांच्या तीन विधवा पडद्यात राहतात आणि जाळीच्या पलीकडून परपुरुषाशी बोलतात, ही ती बंद खोली आहे. इंग्लंडमधील कादंबरीत कोंडलेली माणसे वादळ शमले की सुटतात. येथे कोंडलेल्या स्त्रिया खुनाच्या आधीही कोंडलेल्या होत्या आणि उकल झाल्यावर त्यांनी कोठे जायचे, हा प्रश्न खुन्याच्या शोधाइतकाच मोठा होऊन बसतो.

या कथेचे यंत्र कायद्याच्या कागदांवर चालते, आणि ते समजून घेतल्याशिवाय तिची खरी गोडी कळत नाही. तिन्ही विधवांनी आपापल्या मेहरवरचा, म्हणजे मुस्लिम विवाहात पतीने पत्नीला द्यावयाच्या आणि सर्वस्वी तिच्याच मालकीच्या असलेल्या रकमेवरचा किंवा मालमत्तेवरचा हक्क सोडून ती कुटुंबाच्या वक्फला, म्हणजे धर्मादाय निधीला देण्याची तयारी एका पत्रान्वये दाखवली आहे. घराचा कारभार मृताने नेमलेला मुखत्यार पाहतो, आणि पत्र त्याच्याच हातून आले आहे. परवीनला या सह्यांविषयी शंका येते. ही शंका केवळ चाणाक्षपणाची खूण नाही, तिच्यामागे त्या काळच्या न्यायव्यवहारातील एक तत्त्व उभे आहे: पडदानशीन स्त्रीने केलेला दस्त तिला नीट समजावून सांगितला होता, तिला स्वतंत्र सल्ला मिळाला होता आणि तिने तो स्वखुशीने केला होता, हे सिद्ध करण्याचा भार त्या दस्ताचा लाभ घेऊ पाहणाऱ्यावर न्यायालये टाकत असत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने, रूढीप्रमाणे लोकांसमोर न येणाऱ्या स्त्रियांना न्यायालयात जातीने हजर राहण्यापासून सूटही दिली होती. संरक्षण म्हणून दिलेली ही सूटच त्या स्त्रीची साक्ष कायमची दुसऱ्याच्या तोंडी देऊन ठेवी, कारण न्यायालय तिच्यापर्यंत पोचणार ते कोणा पुरुषाच्या मार्फत. कायद्याने उघडे ठेवलेले दार आणि रूढीने लावून घेतलेले दार यांच्या मधल्या अरुंद जागेत मॅसी यांनी आपली नायिका उभी केली आहे, आणि तपासकर्ता म्हणून स्त्रीची निवड येथे हौसेची न राहता कथानकाची अट होते: या प्रकरणात पोलिसांना जे ऐकू येणे शक्य नाही, ते फक्त तिलाच ऐकू येऊ शकते.

या कल्पनेला इतिहासाचा आधार आहे. नाशिकमध्ये १८६६ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डला कायद्याचे शिक्षण घेतले, आणि १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान वारसांच्या आणि स्त्रियांच्या जमीनजुमल्याची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी खात्यात, पडदानशीन स्त्रियांच्या सल्लागार म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले. मात्र पदवी असणे वेगळे आणि न्यायालयात उभे राहणे वेगळे. रेजिना गुहा यांचा वकिलीचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने १९१६ साली, कायद्यातील 'व्यक्ती' या शब्दात वकिलीपुरती स्त्री येत नाही, अशा अर्थाने फेटाळला. १९२३ च्या कायद्याने ही अडचण दूर झाली आणि त्यानंतरच मिठन टाटा (पुढे लाम) या मुंबई उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. परवीन सोराबजी आणि टाटा या दोघींच्या चरित्रांतून घडली आहे. वडिलांच्या फोर्टमधील कचेरीत ती सॉलिसिटर आहे, म्हणजे कागदपत्रे तयार करणारी आणि अशिलाला सल्ला देणारी वकील. न्यायाधीशासमोर युक्तिवाद करण्याची मुभा तिला नाही. आपल्याला माहीत असलेले सत्य न्यायालयात आपल्याच तोंडाने मांडता येत नाही, ही तिची कोंडी आणि जाळीआडच्या विधवांची कोंडी या एकाच जातीच्या आहेत, हे लेखिका कोठेही पुकारून सांगत नाही, आणि न सांगितल्यामुळेच ते मनात खोल उतरते.

परवीनचे स्वतःचे प्रकरण पहिल्याच पुस्तकात, १९१६–१७ मधल्या मागे जाणाऱ्या प्रकरणांतून उलगडते. घाईने केलेले प्रेमलग्न, कलकत्त्याचे सासर, मासिक पाळीच्या दिवसांत एका कोंदट खोलीत एकटीने काढायचे दिवस, नवऱ्याचे बाहेरचे संबंध आणि मारहाण, आणि शेवटी पारशी विवाह-न्यायालयात, समाजातून नेमलेल्या पुरुष प्रतिनिधींपुढे मांडलेली फिर्याद. १८६५ च्या पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्यात व्यभिचाराची व्याख्या करताना वेश्येशी ठेवलेला संबंध त्यातून वगळला होता, म्हणजे पुरुष ज्या वर्तनाची सबब सहज सांगू शकेल नेमके तेच वर्तन कायद्याने आधीच माफ करून ठेवले होते. परवीनला घटस्फोट मिळत नाही, न्यायालयीन विभक्तता मिळते. ती नवऱ्याच्या घरात नाही आणि विवाहातून मोकळीही नाही. मराठी वाचकाला येथे रखमाबाईंची आठवण होणे अपरिहार्य आहे, कारण १८८४ पासून चाललेल्या त्या खटल्यात मुंबईच्याच उच्च न्यायालयापुढे, नांदायला जाणे की तुरुंगात जाणे, एवढेच पर्याय एका स्त्रीपुढे ठेवले गेले होते. धर्म वेगळा, कायदा वेगळा, पण दाराची कडी बाहेरूनच लावलेली. मालिकेच्या पुढच्या प्रत्येक पुस्तकात परवीन कोणाच्या तरी खुनाची उकल करते आणि घरी परतते तेव्हा तिची स्वतःची फाइल जेथल्या तेथे असते. 'द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाउस' (२०२३) मध्ये गर्भपाताच्या आरोपावरून अटक झालेल्या एका आयेचा बचाव ती करते तेव्हा, भारतीय दंडसंहितेच्या त्या कलमाविषयीचा तिचा राग या जुन्या फाइलमधूनच येतो, असे वाचकाला जाणवत राहते.

एकच ऐतिहासिक प्रसंग या मालिकांपैकी तिन्हींत आला आहे, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. युवराज एडवर्ड, प्रिन्स ऑफ वेल्स, १७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. असहकाराची चळवळ भरात होती. त्याच दिवशी परळला विदेशी कपड्यांची होळी झाली, आणि स्वागताला गेलेल्या पारशी, युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांवर हल्ले होऊन पुढे काही दिवस शहर दंगलीत होरपळले, पन्नासाहून अधिक माणसे मेली, आणि गांधींनी १९ तारखेपासून उपोषण आरंभले. मॅसी यांच्या 'द बॉम्बे प्रिन्स' (२०२१) मध्ये फ्रेनी कटिंगमास्टर ही पारशी विद्यार्थिनी, युवराजाच्या स्वागतावर बहिष्कार घातला तर कॉलेज आपल्याला शिक्षा करू शकेल काय, असा सल्ला परवीनला विचारून जाते आणि मिरवणुकीच्या दिवशी कॉलेजातच मृतावस्थेत सापडते. मृत्यूचे कारण कॉरोनरपुढे ठरायचे आहे. कॉरोनर म्हणजे मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांत संशयास्पद मृत्यूची ज्युरीच्या साहाय्याने चौकशी करणारा अधिकारी. रस्त्यावर दंगल असल्यामुळे मुलीचे अंत्यविधीही वेळेवर होण्याची पंचाईत. मुखर्जी यांनी 'स्मोक अँड ॲशेस' (२०१८) मध्ये युवराजाची त्याच दौऱ्यातील डिसेंबरची कलकत्ता-भेट घेतली आहे, पण तेथे ती घड्याळाच्या काट्यासारखी वापरली आहे, अमुक वाजण्यापूर्वी खुनी सापडला पाहिजे या अर्थाने. नागेंद्र यांच्या 'अ नेस्ट ऑफ व्हायपर्स' (२०२४) मध्ये बंगलोरची भेट आहे आणि तिचा सूर अधिक घरगुती, सर्कशीतल्या जादूगाराच्या भोवती फिरणारा आहे. तिन्हींत राजपुत्र जवळजवळ दिसतच नाही, पण मुखर्जी आणि नागेंद्र यांच्या कथेत त्याच्यामुळे गुन्ह्याला वेग येतो, तर मॅसी यांच्या कथेत त्याच्यामुळे एका अल्पसंख्य समाजाला आपण कोणाच्या बाजूचे, हे एका दिवसात ठरवावे लागते. प्रसंगाचा अर्क मॅसी यांच्या या वापरात उतरला आहे यात शंका नाही.

कायद्याचा प्रश्न मुखर्जींच्या मालिकेत निराळ्या बाजूने येतो. रहस्यकथेचा एक अध्याहृत करार असा की गुन्ह्याने विस्कटलेली व्यवस्था उकलीनंतर पूर्ववत होते आणि ती तशी होणे चांगले असते. 'अ रायझिंग मॅन' चा काळ एप्रिल १९१९ चा आहे, म्हणजे विनाचौकशी स्थानबद्धतेची मुभा देणारा रौलट कायदा नुकताच संमत झाला आहे आणि जालियनवाला बागेतील हत्याकांड त्याच महिन्यात घडणार आहे. कलकत्त्याच्या एका गल्लीत मारल्या गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचा खुनी शोधताना विंडमला कळत जाते की जी व्यवस्था पूर्ववत करायची, तीच या शहरातील सर्वांत मोठ्या अन्यायाचा उगम आहे. महायुद्धातून आलेला, पत्नीच्या मृत्यूने पोखरलेला आणि अफूच्या आहारी गेलेला विंडम हे आपल्या शब्दांत सांगतो; त्याचा सहकारी सुरेंद्रनाथ, ज्याच्या नावाची इंग्रज जिभांनी मोडतोड करून 'सरेंडर-नॉट' केली आहे, पहिल्या चार पुस्तकांत केवळ त्याच्या नजरेतून दिसतो. 'द शॅडोज ऑफ मेन' (२०२१) मध्ये निम्मे निवेदन सुरेंद्रनाथाच्या हाती आले, आणि कलकत्त्याहून मुंबईपर्यंत धावणारी ती कादंबरी मालिकेतील सर्वांत प्रामाणिक वाटते, ती त्यामुळेच. परक्या सरकारच्या पोलीस खात्यात नोकरी करणाऱ्या देशी माणसाचा जीव रोज किती वेळा गुदमरत असेल, हे बाहेरून सांगण्याजोगे नव्हते; चार पुस्तके थांबून ते आतून सांगण्याची सवड मालिकेने लेखकाला दिली.

वसीम खान यांचा मार्ग जुन्या कूटकथेचा आहे. पोलीस खात्याला नको असलेली माणसे जेथे ढकलून दिली जातात अशा मलबार हाउस नावाच्या कचेरीत पर्सिस वाडियाची नेमणूक झाली आहे. १९४९ च्या अखेरच्या रात्री सर जेम्स हेरियट या इंग्रज गृहस्थाचा खून होतो आणि ते प्रकरण तिच्या वाट्याला येते, कारण ते कोणालाच नको आहे. भारतीय पोलीस सेवेत पहिली स्त्री, किरण बेदी, १९७२ साली दाखल झाली हे लक्षात घेतले म्हणजे या कल्पनेतील धाडस आणि तिच्यातील ताण दोन्ही कळतात. दुसऱ्या पुस्तकातील, 'द डाइंग डे' (२०२१) मधील प्रकरण एशियाटिक सोसायटीच्या संग्रहातून नाहीशा झालेल्या दान्तेच्या 'डिव्हाईन कॉमेडी'च्या हस्तलिखिताचे आहे. असे हस्तलिखित या संस्थेकडे खरोखरच आहे, आणि टाउन हॉलच्या पायऱ्या चढून गेलेल्या कोणाही वाचकाला त्या वास्तूत कोडी आणि संकेत यांची साखळी रचण्याचा लेखकाला झालेला आनंद कळेल. खान यांची कोडी चोख असतात. पर्सिसचा स्वभाव मात्र पुस्तकागणिक फारसा उलगडत नाही, ती पहिल्या पानावर जितकी ताठ आणि एकाकी असते तितकीच शेवटच्या पानावर. त्यांच्या मुंबईत फाळणी नुकतीच होऊन गेली आहे, आणि खून झालेल्या हेरियटकडे फाळणीच्या काळातील गुन्ह्यांची माहिती गोळा करण्याचे काम होते, ही योजना फार समर्पक आहे. तिचा पुरता उपयोग झाला असता तर ही मालिका अधिक उंचीवर गेली असती.

मार्च यांची कादंबरी एका सत्य घटनेवर उभी आहे, आणि त्यामुळे तिच्याविषयी वेगळा विचार करावा लागतो. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून २५ एप्रिल १८९१ रोजी दोन तरुण पारशी स्त्रिया पडून मरण पावल्या. अपघात, आत्महत्या की खून, यावर शहर महिनोन्‌महिने धुमसत राहिले आणि कोणावरही गुन्हा शाबीत झाला नाही. लष्करातून जायबंदी होऊन पुण्याच्या रुग्णालयात पडलेला, शेरलॉक होम्सचा भक्त असलेला कॅप्टन जिम अग्निहोत्री वर्तमानपत्रात मृत स्त्रीच्या पतीचे पत्र वाचतो आणि तपासाला लागतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या अनुत्तरित मृत्यूला कादंबरीने उत्तर द्यावे काय? मार्च स्वतः मुंबईच्या पारशी समाजातल्या आहेत, त्या समाजाच्या घरगुती स्मृतीत ही घटना जिवंत आहे, आणि त्यांच्या कथेतील उत्तर त्या स्त्रियांच्या अब्रूविषयी तेव्हा झालेल्या कुजबुजीला दिलेले उत्तर आहे. म्हणून ते आगाऊपणाचे वाटत नाही. मात्र पुढे जिम मुंबई सोडून सरहद्दीच्या साहसांत गुंततो तेव्हा टॉवर मागे पडतो आणि कादंबरी सैल होते. मालिकेतील पुढचे पुस्तक तर १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात घडते.

तिन्ही मुंबईकर मालिकांत पारशी कुटुंब केंद्रस्थानी आहे, हे लक्षात येण्याजोगे आहे. याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही: इंग्रजी शिक्षण, सार्वजनिक जीवनात स्त्रियांचा तुलनेने लवकरचा वावर, राज्यकर्त्यांच्या बैठकीत आणि देशी बाजारपेठेत सारखाच प्रवेश. तपासकर्त्याला सगळ्या दारांत उभे राहता आले पाहिजे आणि कोणत्याही घरात तो पूर्णपणे आतला असता कामा नये, आणि १९२१ च्या मुंबईत ही दुहेरी सवलत व दुहेरी परकेपण पारशी समाजाकडे होते. पण या निवडीची किंमतही आहे. त्या मुंबईत सर्वांत अधिक लोक मराठी बोलत होते. गिरण्या त्यांच्या श्रमावर चालत, परळ आणि गिरगावच्या चाळी त्यांनी भरल्या होत्या, आणि या कादंबऱ्यांत मात्र ते हवालदार, गडी, आया किंवा गर्दी म्हणून येतात. 'द सातापूर मूनस्टोन' (२०१९) मध्ये तर कथा सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात जाते, कोल्हापूरच्या एजन्सीकडून, म्हणजे संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटिश कचेरीकडून, परवीनची तेथे नेमणूक होते, आणि दोन राण्यांमधला बालराजाच्या शिक्षणाचा तंटा तिला मिटवायचा असतो. त्याच वेळी खऱ्या कोल्हापुरात शाहू महाराज हयात होते, १९०२ च्या आरक्षणाच्या आदेशाला जवळजवळ वीस वर्षे होत आली होती, आणि सत्यशोधक विचाराने गावेच्या गावे ढवळून निघाली होती. कादंबरीचा रोख तिकडे नाही. तिला राजवाड्याचा जनाना हवा आहे, आणि जनान्याचे चित्र तिने पुन्हा एकदा उत्तम रंगवले आहे. तरीही मराठी मुलखातली ही कथा वाचताना मराठी वाचकाला आपण आपल्याच घराच्या खिडकीतून आत पाहत आहोत आणि आतली माणसे पाठमोरी बसली आहेत, असे वाटल्यावाचून राहत नाही.

हा दोष अज्ञानाचा नाही. एच. आर. एफ. कीटिंग यांनी १९६४ पासून इन्स्पेक्टर घोटे याच्या कादंबऱ्या लिहिल्या तेव्हा पहिली दहाएक वर्षे मुंबई पाहिलीच नव्हती. आजचे हे लेखक जुने नकाशे, वृत्तपत्रे आणि निवाडे बारकाईने वाचून लिहितात, आणि ब्रूस स्ट्रीटवरच्या कचेरीपासून दादरच्या पारशी कॉलनीपर्यंतचा परवीनचा रोजचा रस्ता खात्रीने आखतात. अडचण आहे ती वाचकाची. ही पुस्तके प्रथम अमेरिका आणि ब्रिटनमधल्या वाचकासाठी लिहिलेली असल्यामुळे साडी, पान, अगियारी अशा प्रत्येक गोष्टीचे स्पष्टीकरण वाक्यातच घालावे लागते, आणि दोन पारशी माणसे एकमेकांना ठाऊक असलेल्या रूढी एकमेकांना समजावून सांगताना दिसतात. याहून गंभीर आक्षेप तपासकर्त्यांच्या मनोवृत्तीविषयीचा आहे. परवीन, विंडम, पर्सिस यांच्या मनात जात, वंश, लिंग यांविषयीचे पूर्वग्रह जवळजवळ नसतात. त्यांच्या आसपासची माणसे त्यांच्या काळात राहतात आणि ते स्वतः आजच्या काळात राहतात. वाचकाला सोबतीला एक निर्मळ मन मिळते खरे, पण काळाशी झुंजणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या आतही तो काळ मुरलेला असतो, हे सत्य त्यात निसटते. मुखर्जी यातून थोडेफार सुटतात, कारण विंडमचा सुरेंद्रनाथाशी वागतानाचा सहज, प्रेमळ उद्दामपणा ते लपवत नाहीत. मॅसी यांच्या परवीनलाही एकदा आपल्या वर्गाच्या सुखवस्तू आंधळेपणाशी सामना करावा लागतो, आणि ती आयेच्या बचावाची कादंबरी इतरांहून अधिक खोल उतरते, याचे कारण हेच असावे.

मालिकेचा वाचक आणि मालिकेतील पात्र यांच्यातील अंतर तारखांनी मोजता येते. 'द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाउस' मध्ये परवीन १९२२ सालात आहे. पुढच्याच वर्षी स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा होईल, हे तिला माहीत नाही. १९३६ साली पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा नव्याने केला जाईल, त्यात वेश्येशी ठेवलेल्या संबंधाची ती जुनी सवलत उरणार नाही, आणि न्यायालयीन विभक्ततेनंतर तीन वर्षे पती-पत्नीचा संबंध नसेल तर तेवढ्यावरून घटस्फोट मागता येईल, हेही तिला माहीत नाही. तेव्हा ती चाळिशीच्या उंबरठ्यावर असेल. तोपर्यंत दर पुस्तकाच्या अखेरीस ती कोणाच्या तरी प्रकरणावर सही करून फाइल बांधील, दिवा मालवील, आणि कायद्याने अजून सौ. असलेली परवीन मिस्त्री वडिलांच्या मोटारीतून दादरला परतेल.